परत आलं की पुन्हा टाकायचं

एका बाईची नोकरी माझ्यामुळे गेली. एवढं एक वाक्य उघडपणे लिहायला मला चौदा वर्षं लागली. मधल्या काळात सांगायची संधी आली नाही असं नाही. कारखान्यातले जुने लोक कुणाच्या लग्नात भेटले की जेवताना हा विषय हमखास निघायचा. "ती पेन ड्राइव्हवाली बाई आठवती का?" कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठायचो. बायकोलाही मी खरं सांगितलं नाही. ती गेली, तीही लोकांकडून ऐकलेलीच गोष्ट खरी धरून.

आता मी बहात्तर वर्षांचा आहे. गुडघे गेले, डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण स्मरणशक्ती चांगली आहे. ती तेव्हाही चांगली होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी टपाल कारकून म्हणून लागलो, तेव्हा थोरले शेठ कारभार बघत होते. आवक-जावक रजिस्टर, पाकिटं, गोंदाची बाटली आणि एक टाइपरायटर, एवढा माझा संसार. गिऱ्हाइकाला पाठवलेलं पत्र परत आलं, तर त्याचं काय करायचं याचा थोरल्या शेठनी एक नियम घालून दिला होता. पाकिटावरचा शेरा वाचायचा, पत्ता रजिस्टरशी ताडून बघायचा, नवं पाकीट करायचं आणि पुन्हा टाकायचं. पुन्हा आलं तर पुन्हा. "तिसऱ्यांदा माणूस घेतोच," असं ते म्हणायचे. आणि खरंच, कितीतरी पत्रं तिसऱ्यांदा पोचायची. पोस्टमन बदललेला असायचा, नाहीतर दुकान उघडं सापडायचं.

पुढे धाकटे शेठ आले, माल परदेशी जायला लागला, कॉम्प्युटर आले. पन्नाशीत मी क्लास लावला. पोरांच्या बाकावर बसून शिकलो. कंपनीनं स्वतःचा मेल सर्व्हर घेतला, तेव्हा त्या खोलीची किल्ली शेठनी माझ्याकडे दिली. खंडेनवमीला कारखान्यातल्या मागांबरोबर त्या सर्व्हरलाही आम्ही हळदकुंकू वाहायचो, झेंडूचा हार घालायचो. एक साधा टपाल कारकून ऑफिसचा मॅनेजर झाला, याचा मला अभिमान होता. तो जरा जास्तच होता.

मेलचं टेबल सांभाळायला एक बाई होत्या. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी. वय असेल सदतीस-अडतीस. आई विड्या वळायची, लग्नापर्यंत याही वळायच्या. नंतर नवऱ्याला मागावरच्या धुळीनं दमा लागला, तो घरी बसला, आणि बाईंनी संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास लावला. त्यांच्याइतकं जलद टाइप करणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाल्या, "विड्या वळून वळून बोटं हलकी झाल्यात सर. हितं तंबाखू न्हाय, एवढाच फरक."

त्यांच्या टेबलाला कुलपाचा एक ड्रॉवर होता. त्याचं त्यांना फार अप्रूप. आत कुंकवाची डबी, शेंगांच्या चटणीची बाटली आणि मुलीचा शाळेतला फोटो. आपल्या नावाचं कुलूप जन्मात पहिल्यांदा मिळालं, असं त्या सांगायच्या.

त्या वर्षी मला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. शेठनी दोन वर्षांची मुदतवाढ देतो म्हणून तोंडी सांगितलं होतं, पत्र अजून व्हायचं होतं. त्या पत्रासाठी मला काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणून संक्रांतीच्या आधी मी स्वतःहून सुचवलं की जगभरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मेलवरून तिळगुळाच्या शुभेच्छा पाठवू. शेठचा मागांपुढे उभा राहिलेला फोटो आणि खाली इंग्रजीत चार गोड ओळी. शेठ खूश झाले.

व्हिजिटिंग कार्डांनी भरलेले टॉवेलचे तीन खोके आमच्याकडे होते. वीस वर्षांत प्रदर्शनांतून, एजंटांकडून, कुणाकुणाकडून गोळा झालेली कार्डं. त्यांतले सगळे पत्ते मी महिनाभर बसून कॉम्प्युटरमध्ये घातले. त्यातल्या किती कंपन्या बुडाल्या, किती माणसं नोकरी सोडून गेली, हा विचार मनात आला नाही. कार्ड आहे म्हणजे माणूस आहे, असं मी धरून चाललो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी ते सगळे मेल एकदम पाठवले. थोड्याच वेळात परत यायला लागले. शेकड्यांनी. प्रत्येकाबरोबर एक लांबलचक इंग्रजी निरोप. पाकिटावरचा शेरा वरच असतो, त्या सवयीनं मी वरच्या दोन ओळी वाचल्या: पोचवता आला नाही. मग मी तेच केलं, जे पस्तीस वर्षं करत आलो होतो. परत आलेले सगळे निवडले आणि पुन्हा टाकले. पुन्हा आले. संक्रांतीला कारखाना बंद, सगळं गाव गड्ड्याच्या जत्रेत, आणि मी दुपारी एकटा ऑफिसात येऊन तिसऱ्यांदा टाकले. तिसऱ्यांदा माणूस घेतोच.

सुट्टी संपवून सोमवारी सगळे कामावर आले. त्या आठवड्यात युरोपातल्या आमच्या सर्वांत मोठ्या खरेदीदाराला रंगांच्या चाचणीचे अहवाल जायचे होते. शुक्रवारपर्यंत पोचले नाहीत तर ऑर्डर दुसऱ्याला, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. बाईंनी सकाळी मेल टाकला. दोन मिनिटांत परत आला. दुसरा टाकला, परत. दुपारपर्यंत त्यांनी वीसेक वेळा टाकला असेल.

"सर, माझं काय चुकतंय का बघा की," त्या म्हणाल्या. मी पाहिलं. पत्ता बरोबर, सगळं बरोबर.

मंगळवारी मी सर्व्हर बंद करून चालू केला. मोडेम बदलला. केबल बदलली. इंटरनेटच्या कंपनीला फोन केले, ते म्हणाले लाइन नीट आहे. परदेशातून येणारे मेल येत होते, आमचा मात्र एकही जात नव्हता. शेठनी खरेदीदाराला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, अहवाल कंपनीच्या पत्त्यावरून मेलनंच हवेत, नियम आहे. बाई धावत जाऊन सायबर कॅफेतून स्वतःच्या खात्यावरून पाठवून आल्या. तिकडच्यांनी कळवलं, अनोळखी पत्त्यावरून आलेलं आम्ही उघडत नाही.

बुधवारी कुणी नीट जेवलं नाही. शेठ दर अर्ध्या तासानं येऊन बाईंच्या खुर्चीमागे उभे राहायचे. "गेला?" "न्हाय साहेब, परत आला." एवढंच बोलणं. एकदा त्यांनी टेबलावर हात आपटला. बाईंच्या बांगड्या वाजल्या इतक्या त्या दचकल्या. घाम पुसत त्या पुन्हा टाइप करायला लागल्या, जणू या वेळी नीट टाइप केलं तर जाईल.

त्या दुपारी मी बाईंच्या परत आलेल्या मेलबरोबरच्या निरोपाचा कागद काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. डिक्शनरी घेऊन वाचला. अगदी तळाला लिहिलं होतं: तुमच्या सर्व्हरवरून नको असलेले मेल मोठ्या संख्येनं येतात, म्हणून तो काळ्या यादीत टाकला आहे. पुढे यादीत टाकल्याचा दिवस आणि वेळ. संक्रांतीची दुपार. मी ऑफिसात एकटा होतो ती वेळ.

कागद घडी करून मी खिशात घातला. मला वाटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगू. दुरुस्त झाल्यावर सांगायचीही गरज पडणार नाही.

गुरुवारी सकाळी पुण्याच्या एका इंजिनियरला फोन लावला. सर्व्हर त्यानंच बसवून दिला होता. शेठ माझ्या टेबलासमोर उभे होते. बाई दारात, हातात परत आलेल्या मेलच्या कागदांचा गठ्ठा.

इंजिनियर त्याच्या जागेवरून आमचा सर्व्हर बघत होता. माझ्या कानात म्हणाला, "काका, संक्रांतीला आणि आदल्या दिवशी इथून हजारो मेल गेलेत. परत आले तेच पुन्हा गेलेत, आणि पुन्हा. माणूस असं कशाला करेल? व्हायरस असू शकतो. का तुम्हीच काही पाठवलं होतं?"

"बघतो," मी म्हणालो.

"काय म्हणतोय?" शेठनी विचारलं.

"व्हायरस असू शकतो म्हणतोय."

मी खोटं बोललो नव्हतो. तो तसं म्हणाला होता. त्याचा पुढचा प्रश्न मात्र माझ्या कानातच राहिला.

"व्हायरस आला कुठनं पण? आपोआप आला काय?" शेठ ओरडले. "कुणी काय लावलं होतं का कॉम्प्युटरला?"

मग बाईच पुढे आल्या. त्यांना कुणी बोट दाखवलं नव्हतं. "साहेब, सुट्टीच्या आधीच्या शनिवारी मी पेन ड्राइव्ह लावला होता. पोरीचा शाळेचा प्रकल्प होता, भुईकोट किल्ल्याचा. चार पानं प्रिंट काढली. सरांना विचारून लावला होता."

हे खरं होतं. शनिवारी चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या हातातल्या निळ्या पेन ड्राइव्हला मुलीनं लोकरीचा गोंडा बांधलेला होता. "सर, चार पानं काढू का?" आणि मी म्हणालो होतो, "काढा की. त्यात काय विचारायचं?"

शेठ माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही हो म्हणला होता?"

खिशातला तो कागद मला मांडीला लागत होता. मुदतवाढीचं पत्र शेठच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं मी सकाळीच पाहिलं होतं. यातलं काही मी निमित्त म्हणून सांगत नाही. फक्त तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो.

"आठवत नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच वाटलं की मी विसरलो. त्या शेठना म्हणाल्या, "असंल साहेब. सर कामात होते तेव्हा. लक्षात न्हाय राहिलं त्यांच्या."

माझी बाजू त्यांनी सावरून घेतली.

शेठ चार दिवस जागरणानं आणि काळजीनं तापलेले. "मॅडम, उद्यापासनं येऊ नका तुम्ही," ते म्हणाले.

बाई हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, एवढ्या ऑर्डरीचा कंटेनर जाऊ द्या. मेल सुरू झाले की जाते मी. चार दिवस मी टाकते आणि परत येतंय. एकदा माझ्या हातानं जाऊ द्या, मग जाते."

"नको म्हणलो ना."

त्यांनी ड्रॉवर रिकामा केला. डबी, बाटली, फोटो. किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. "येते सर," म्हणाल्या. मी समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचत असल्यासारखं केलं.

शुक्रवारी इंजिनियरचा पुन्हा फोन आला. या वेळी खोलीत मी एकटाच होतो. काळ्या यादीतून नाव काढायला एक फॉर्म भरावा लागतो, असं त्यानं सांगितलं. "त्यात कारण विचारतात काका. खरं लिहा. खोटं लिहिलं आणि पुन्हा तसं झालं, तर कायमचं अडकाल."

मी फॉर्म उघडला. इंग्रजीत लिहिलं: आमच्या ऑफिस मॅनेजरनं सणाच्या शुभेच्छा जुन्या पत्त्यांवर पाठवल्या. परत आलेले मेल त्यानं न समजून दोन वेळा पुन्हा पाठवले. चूक त्याची आहे. पुन्हा होणार नाही. आम्ही दिलगीर आहोत.

दहा मिनिटं लागली. कोणत्या देशातलं ते यंत्र, कोण वाचणार होतं देव जाणे, त्याच्यापुढे मी सगळं कबूल केलं. शनिवारी मेल सुरू झाले. खरेदीदारानं निम्मी ऑर्डर ठेवली, निम्मी दुसरीकडे दिली. शेठ म्हणाले, "काका, तुम्ही होता म्हणून वाचलो." त्याच दिवशी माझ्या पत्रावर सही झाली. आणि त्याच दिवशी बाईंचं कंपनीतलं मेलचं खातं मी माझ्या हातानं बंद केलं.

सोमवारी सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. मग महिन्याअखेर म्हटलं. दिवस जातील तसं सांगणं सोपं होईल असं वाटायचं, पण उलटच झालं. आता नुसती चूक सांगून भागणार नव्हतं. लपवली का, तेही सांगावं लागणार होतं.

एमआयडीसी म्हणजे एक खेडंच आहे. चहाच्या गाड्यावर जे एका कारखान्याचं कळतं, ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. बाई दोन-तीन ठिकाणी कामाला विचारून आल्या. "पेन ड्राइव्हवाली नव्हं का तुम्ही?" असं एका सुपरवायझरनं त्यांना तोंडावर विचारलं, आणि ते त्यानंच मला हसत सांगितलं. मीही हसलो.

दोन वर्षांनी, माझी मुदत संपत आली तेव्हा, मी त्यांच्या घरी गेलो. अनुभवाचा दाखला न्यायचं निमित्त काढलं होतं. शेठनी तो कधी दिला नव्हता, मीच कंपनीच्या कागदावर टाइप करून माझी सही मारली होती. दार उघडं होतं. बाई जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालत होती, की-बोर्डवर चालायची तशीच.

"अगंबाई, सर! या की." सूप बाजूला सारून त्यांनी खुर्ची पुसली. आतून नवऱ्याचा खोकला येत होता. दाखला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि भिंतीवरच्या देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला. चहा केला. मी येताना सगळी वाक्यं पाठ करून आलो होतो. कप हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, लई दिवस तुमास्नी एक सांगायचं होतं."

"सांगा."

"त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं. सरांना विचारून लावला म्हणाले. पेन ड्राइव्ह मी लावला, चूक माझी. तुमच्यावर ढकलायला नको होतं. रागानं न्हाय, भ्यायले होते म्हणून तोंडातनं गेलं. माफ करा सर."

मी काय उत्तर दिलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "जाऊ द्या बाई. झालं ते झालं."

मी त्यांना माफ केलं.

"पोरगी कुठं असते?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"दहावीत हाय. हुशार हाय, पण कॉम्प्युटरला हात लावत न्हाय. शाळेत सक्ती केली तर रडती. म्हणती, आई, माझ्या पेन ड्राइव्हमुळं तुझी नोकरी गेली." त्या हसल्या. "मी म्हणते, खुळे, तुझं काय त्यात? लावला मी. पर ऐकत न्हाय."

चहा तसाच ठेवून मी उठलो. गल्लीच्या टोकाला स्कूटरपाशी बराच वेळ उभा राहिलो. परत जायला पन्नास पावलं होती. गेलो नाही.

त्यानंतर आठ वर्षं मी काही केलं नाही. बायको गेल्यावर घर रिकामं झालं, आणि रिकाम्या घरात माझं ते "आठवत नाही" मला रोज ऐकू यायला लागलं. शेवटी एक पत्र लिहिलं. हातानं, मराठीत, दोन पानं. रजिस्टर करून टाकलं. आठवड्यानं परत आलं. शेरा होता, सदर इसम या पत्त्यावर राहत नाही. मी नवं पाकीट केलं, पुन्हा टाकलं. परत आलं. तिसऱ्यांदा टाकलं.

तिसऱ्यांदाही परत आलं. मग मी रिक्षा करून स्वतः गेलो. दाराला कुलूप नव्हतं, दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, नवरा वारला, मायलेकी तेलंगणात त्याच्या भावाकडे गेल्या. गाव कोणतं? तिला माहीत नव्हतं. फोन? "त्यांच्याकडं कुटला हो फोन? आमच्याच फोनवर यायचे त्यांचे फोन."

मी अजून कुणाकुणाला विचारतो. विड्यांच्या कारखान्यात विचारून आलो, जुन्या क्लासमध्ये विचारून आलो. कुणाला ठाऊक नाही. शेठनाही आता सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, आता सांगून काय उपयोग?"

तिसरं पाकीट मी फोडलेलं नाही. कपाटात आहे. पण आत काय लिहिलंय ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. शेवट असा आहे:

बाई, व्हायरस कधी नव्हताच. ते हजारो मेल मीच टाकले होते आणि परत आल्यावर मीच पुन्हा पुन्हा टाकले. हे मला बुधवारीच कळलं होतं, तुम्हाला काढलं त्याच्या आदल्या दिवशी. तुमच्या मुलीला सांगा, तिच्या पेन ड्राइव्हमध्ये किल्ल्याची चार पानं सोडून काहीही नव्हतं. शनिवारी तुम्ही मला विचारलं होतं आणि मी "काढा की" म्हणालो होतो. मला सगळं आठवत होतं. तुम्ही माझी माफी मागितलीत, तेव्हाही आठवत होतं. मला माफ करा.